बांधिलकी 'सप्रेम भेट' देता येत नाही

लाखनीकडच्या एका शिक्षिकेने विचारलंय: "आमच्या शाळेत एका कंपनीने पाण्याचं आरओ मशीन बसवून दिलं. त्यावरच्या पाटीवर 'सामाजिक बांधिलकी जपत, शाश्वत विकासासाठी सप्रेम भेट' असं लिहिलंय. सीएसआरला, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या कामाला, बांधिलकी म्हणावं की दायित्व? आणि 'शाश्वत' हा शब्द इथे बरोबर आहे का?"

बांधिलकी म्हणावं. पण मग त्याच पाटीवरचं 'सप्रेम भेट' पुसावं लागेल. हे दोन शब्द एकत्र नांदत नाहीत. 'बांधिलकी जपत' हे पालुपद वाचून माझं डोकं उठतं. वह्या वाटल्या की बांधिलकी जपली, रोपं लावून फोटो काढला की बांधिलकी जपली. अहो, भेट मर्जीची असते, दिली तर दिली. जो बांधील आहे त्याच्या मर्जीचा प्रश्न येतोच कुठे?

आणि इथे तर कायद्यानेच बांधलंय. 2013च्या कंपनी कायद्याचं कलम 135 पाहा. निव्वळ मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांतली एक जरी रेघ कंपनीने ओलांडली, की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातला किमान 2 टक्के भाग अशा कामांवर खर्चायचा. 2021पासून तर न खर्चलेली रक्कमही कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही, ठरलेल्या निधीत किंवा वेगळ्या खात्यात भरावी लागते. याला भेट म्हणणं म्हणजे शेतसारा भरून सरकारला आहेर केला म्हणण्यासारखं आहे.

आता शब्दाकडे येतो. जुन्या मराठीत 'बांधिला' म्हणजे बांधलेला. त्यावरून बांधील आणि बांधीलपणाची स्थिती ती बांधिलकी. यातली '-की' फारसी '-गी'वरून आली असं सांगणारे विद्वान मला भेटतात. ते साफ चूक आहे. फारसी '-गी' लागते ती 'बंदा', 'ताजा' अशा आकारान्त शब्दांना, म्हणून बंदगी, ताजगी. व्यंजनापुढे तिथे नुसती '-ई' येते, दोस्तची दोस्ती होते. त्या हिशेबाने बांधीलचं 'बांधिली' व्हायला हवं होतं. ही '-की' आपली घरची आहे, पाटीलकी, माणुसकी, भाऊबंदकीतली.

मूळ धातू मात्र फारसीचा आणि आपला एकच. संस्कृत 'बन्ध्' आणि फारसी 'बंद' ही सख्खी भावंडं. बंधू, संबंध, निबंध एकीकडे, बंदोबस्त दुसरीकडे. त्या बंदोबस्तातला 'बस्त'सुद्धा त्याच क्रियापदाचं रूप आहे, म्हणजे अख्खा शब्द बांधण्यानेच भरलेला. लग्नाचा बस्ता बांधतो तोही तिथलाच! बस्ता म्हणजे मुळात बांधलेलं गाठोडं.

पण मला सगळ्यात आवडतं ते आपल्या झाडीपट्टीतलं भावंड: बांधी. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या शेताच्या बांध घातलेल्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात. पुण्याकडचे एक अभ्यासक मला म्हणाले, बांधील हा दावणीला बांधलेल्या बैलाचा शब्द, त्यात कमीपणा आहे, म्हणून 'दायित्व' बरं. त्यांनी रोवणी, म्हणजे धानाची लावणी, पाहिलेली नसावी. माझ्या मते बांधिलकीचा खरा अर्थ दावणीवर नाही, बांधीत सापडतो. मामा तलावाचं, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचं पाणी पहिल्या बांधीत उतरतं, ती भरली की बांधाला पाडलेल्या वाटेने खालच्या बांधीत. वरच्याचा बांध तोच खालच्याचा बांध, माती दोघांची. धान निसवायच्या वेळी वरच्याने वाट बुजवली तर खालच्याच्या शेतात भेगा पडतात. आमच्या आजीने अशाच एका भांडणात वरच्या शेतकऱ्याला भर बांधावर सुनावलं होतं, "पाणी कोंडून ठेवशीन त तुहीच बांधी फुटन!" आणि रात्रीच्या पावसाने ती फुटली. सकाळी दोन्ही घरची माणसं एकाच खाचेत माती टाकत होती.

एक बांध, दोन धनी: शब्दाचा हा अर्थ कायद्यालाही अनोळखी नाही. कंपनी जिथे काम करते त्या स्थानिक भागाला या खर्चात प्राधान्य द्यावं, असं त्याच कलमात म्हटलंय. खाणीच्या शेजारचं गाव हे खालच्या बांधीचं गाव आहे.

'दायित्व' मी अगदीच टाकत नाही. हिशेबाच्या वहीत 'मालमत्ता आणि दायित्वे' लिहितात तेव्हा दायित्व म्हणजे सरळ देणी. हा शब्द निदान देणं लागतो एवढं तरी कबूल करतो. पण त्यात शेजार नाही.

'शाश्वत'चं उत्तर राहिलं. शाश्वत म्हणजे ज्याला नाश नाही ते. गीतेने तो शब्द आत्म्यासाठी वापरलाय, 'अजो नित्यः शाश्वतोऽयं पुराणः'. 'शाश्वत विकासा'ची व्याख्या करणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाच्या 1987च्या अहवालाचं म्हणणं याहून कितीतरी साधं होतं: आजची गरज अशी भागवा की पुढच्या पिढ्यांना त्यांची भागवता येईल. त्याला आपल्याकडे 'पुरून उरणे' हा तयार वाक्प्रचार आहे. पुरून उरणारा विकास म्हणा. कोळसा खणणाऱ्याने तर 'शाश्वत' शब्दाला हातच लावू नये, खणलेला कोळसा परत येत नाही.

तर बाई, पाटी पुन्हा रंगवायची वेळ आली तर 'सप्रेम भेट' काढून टाका, 'बांधिलकी' राहू द्या आणि तिच्याखाली मशीनचा फिल्टर दर वर्षी कोण बदलणार ते लिहून घ्या.