लाखेच्या रेकॉर्डी मिळाल्यात, आता ऐकायच्या कशा

अरे बाळा,

आजोबांच्या रेकॉर्डी तुझ्याकडं आल्या हे फार बरं झालं, भंगारात गेल्या असत्या. पण लगेच त्या एलपीच्या (म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या रेकॉर्डींच्या) प्लेअरवर लावू नकोस. या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डची खाच रुंद असते, एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी नुसती भटकते आणि मग तू म्हणणार जुन्या गाण्यात खरखरच फार. साधारण तिप्पट जाड टोकाची वेगळी सुई मिळते ती घे, अँप्लिफायरला मोनोचं (दोन्ही बाजूंचा आवाज एक करणारं) बटण असेल तर दाब, बरीच खरखर तिथंच जाते. आणि चावी देऊन चालणारा जुना फोनो (ग्रामोफोन) असेल तर रेकॉर्डच्या दर बाजूला नवी पिन, म्हणजे त्याची सुई, यात चिकूपणा नको. लाखेत दगडाची पूड असते, ती पिनचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते, म्हणजे एका बाजूत पिन संपलीच, तीच पुढं लावलीस तर गाणं खरवडून काढेल.

आपल्या सोलापूरचं ऊन तुला काय सांगायचं, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो आणि पत्र्याखाली तर विचारू नको. माळ्यावर ठेवल्यास तर पापडासारख्या वाकतील. खालच्या खोलीत उभ्या ठेव, वरून जुनी चादर टाक (चादरींना आपल्याकडं काय तोटा). पुसायला स्पिरिट, सॅनिटायझर अजिबात नाही, लाख त्यात विरघळते.

आता खरं सांगायचं ते. या रेकॉर्डी काळाप्रमाणं ऐक, मजा त्यातच आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जाननं रेकॉर्डिंग केलं तेव्हा माईक नव्हताच, कर्ण्यात तोंड घालून मोकळ्या गळ्यानं गायचं, हळू गायलं तर उमटायचंच नाही. म्हणून त्या काळचे आवाज चढे वाटतात, तो गाणाऱ्याचा दोष नाही. १९२५ नंतर माईकचं रेकॉर्डिंग सुरू झालं, काही वर्षांत आपल्याकडंही आलं आणि कानाशी बोलल्यासारखं गाता यायला लागलं, माझ्या मते मराठी भावगीत त्यामुळंच एवढं फुललं. तू आधी एखादी कर्ण्याच्या काळातली रेकॉर्ड लाव आणि लगेच जी. एन. जोशी नाहीतर गजानन वाटवे लाव, माईकनं काय केलं ते कोणी समजावून सांगायला लागणार नाही.

तसंच नाट्यपदांचं. बालगंधर्व थिएटरात वन्स मोअर घेत घेत एकच पद किती रंगवायचे, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं! मग काय ठेवलं, काय गाळलं, तान कुठं आखडली हे ऐकत बस. यूट्यूबवर खरखर साफ केलेलं मिळतं, पण त्यात बऱ्याचदा आवाजाची धारही गेलेली असते, मला ते नाही आवडत.

लेबलं वाच पण सगळं खरं मानू नको. १९४९ च्या महल सिनेमातलं लताबाईंचं ते गाजलेलं ‘आएगा आनेवाला’, त्याच्या पहिल्या रेकॉर्डींवर गायिका म्हणून नाव होतं कामिनी, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं!

आणि विकत घ्यायला मंगळवार बाजारात वगैरे गेलास आणि कोणी अँटिक अँटिक म्हणून भाव वाढवायला लागला, तर आधी रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून केसाएवढी चीर बघ, ती दिसली तर सरळ परत दे, आणि नसली तरी निम्म्यापासून सुरुवात कर.