रोहिणीत चिखल झाला, आता पेरणी कधी?

प्रश्न : आमची वरच्या अंगाला चार-पाच दळी (भाताची छोटी शेतं) आणि खाली वहाळाकडे थोडा मळा आहे. 2025 साली मे महिन्यातच पाऊस लागला आणि धूळवाफ्यांची पेरणी राहून गेली. सासरे म्हणतात, रोहिणी चुकवायची नाही, चिखलात का होईना पेर. दीर म्हणतात, सगळीकडे हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात लावून लवकर मोकळं होऊ. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : ताई, दोघांचंही निम्मं ऐका. रोहिणीची पेरणी ही कोरड्या मातीची. दाणा धुळीत पडून राहायचा आणि मृगाच्या पावसावर उगवायचा. 2025 ला रोहिणी लागली त्याच दिवशी, 25 मेला, मोसमी पाऊस तळकोकणात हजर! धूळच नाही तर धूळवाफे कुठले? असं झालं की रहू करावा, म्हणजे मोड आणलेलं बियाणं पेरावं. दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालून बियाणं त्यात बुडवा, तरंगतं ते काढून टाका, उरलेलं स्वच्छ पाण्याने धुऊन रात्रभर भिजवा. मग ओल्या गोणपाटात दडपून ठेवा आणि मोड फुटले की गादीवाफ्यावर फेका. वाफ्याभोवती चर हवाच, नाहीतर एका सरीत सगळं वाहून जाईल.

पण मला पेरणीपेक्षा कापणीची धास्ती जास्त वाटते. पाऊस लवकर आला म्हणून 115 दिवसांचं हळवं 28 मेला पेरलंत, तर ते 20 सप्टेंबरला, ऐन पावसात पिकणार. लोंब्या आडव्या, दाण्याला कोंब. तेच 15 जूनला पेरलं तर ऑक्टोबरचा दुसरा आठवडा मिळतो. तोवर उगवलेलं तण नांगरून गाडून टाका, बेणणीचा त्रास कमी होईल.

दिरांचं ‘सगळीकडे हळवं’ मात्र मला पटत नाही. 2019 च्या ऑक्टोबरअखेरीस क्यार वादळाचा पाऊस झाला, तेव्हा आमच्या वाडीत कापून पसरलेलं भात शेतातच रुजलं. सगळं एकदम पिकलं की सगळं एकदम भिजतं. वर हळवं ठेवा. पाणी लवकर आटतं तिथे दुसरं काही टिकतही नाही. मळ्यात ओल टिकत असेल तर 140-145 दिवसांचं, उशिरा पिकणारं गरवं लावा, ते नोव्हेंबरात कापायला येतं. कापणी एका दमात उरकायची नाही. उघडीप बघून, संध्याकाळपर्यंत खळ्यात आणून झोडता येईल तेवढंच कापा. मोबाइलवरचा अंदाज बघायला दीर आहेतच!

आणि गरव्याचं बियाणं सासऱ्यांना निवडू द्या. रोहिणी चुकल्याचा राग तेवढ्याने निवळेल.