नववीत 44 मुलं आणि 6 टॅब. गटकार्यासाठी कोणतं ॲप चांगलं?

मॅडम, तुम्ही लिहिलंय की सात-सात जणांचे गट केले, पण एकच जण टॅब धरून बसतो आणि बाकीचे नुसते बघून राहतात. ॲप बदलून हे सुटणार नाही. सात जण एका टॅबभोवती मावतच नाहीत, मागच्या तिघांना पुढच्यांची डोकीच दिसतात.

चार-चारचे 11 गट करा. आधी सहा गटांना टॅब, पाच गटांना कागद. 12 मिनिटांनी अदलाबदल. टॅब दर तीन मिनिटांनी पुढच्या हातात जाईल. नियम एकच, पण कडक: ज्याच्या हातात टॅब, त्याने स्वतःच्या मनाने काही दाबायचं नाही, बाकीचे तिघं सांगतील तेवढंच करायचं. मग तिघांना बोलावंच लागतं.

खरी गोम कामात आहे. ‘व्हिडिओ बघा आणि उत्तरं लिहा’ हे काम एकटा लवकर करतो, मग तो बाकीच्या तिघांचं का ऐकेल? नववीला ध्वनीचा धडा आहे, तर शाळेतला आवाज मोजायला लावा. फायफॉक्स (phyphox) हे ॲप फुकट आहे, नेटशिवाय चालतं. आदल्या दिवशी पंखा पाचवर ठेवून सहाही टॅब एका बाकावर शेजारी मांडा. समजा एक 54 डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप) दाखवेल, दुसरा 61, कारण प्रत्येकाचा माइक वेगळा. ॲपमध्ये कॅलिब्रेशनची, म्हणजे आकडा जुळवून घ्यायची सोय आहे, तिथे सगळे एका आकड्यावर आणा. हे टाळलंत तर पुढचं सगळं मोजमाप वाया.

मग एकेका गटाला एकेक जागा: फाटक, जिना, वाचनालय, रस्त्याकडची खिडकी. एकाने टॅब धरायचा, दुसऱ्याने घड्याळ बघून दर 20 सेकंदांनी ‘आता’ म्हणायचं, तिसऱ्याने आकडा मोठ्याने वाचायचा, चौथ्याने लिहायचा. तीन मिनिटांत नऊ आकडे होतात. चढत्या क्रमाने लावून पाचवा घ्या, तो मध्यक. डेसिबलची साधी सरासरी काढू देऊ नका; 60 आणि 80 यांची ऊर्जेच्या हिशेबाने सरासरी 70 येत नाही, सुमारे 77 येते. वाट बघणाऱ्या गटांनी तोवर शाळेचा नकाशा काढून कुठे आवाज जास्त असेल त्याचा अंदाज लिहून सही करायची.

फाटकावरच्या गटाकडे लक्ष ठेवा. शाळा नागपूरच्या सेंट्रल अव्हेन्यूसारख्या रहदारीच्या रस्त्याला लागून असेल तर बसचा हॉर्न वाजतो आणि आकडा 62 वरून 81 वर उडतो. धरणारा म्हणतो हा सोडून द्या, लिहिणारी म्हणते लिहायचाच, रोज वाजतो ना. तिथे तुम्ही बोलू नका. हा वाद म्हणजेच गटकार्य, आणि दोघांकडे टॅब वेगवेगळा असता तर तो झालाच नसता.

म्हणून ‘प्रत्येक मुलाला टॅब द्या, मग बघा’ म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. मला 44 टॅब दिले तरी मी 33 कपाटात ठेवीन. प्रशिक्षणात टॅब किती वाटले ते मोजतात, मुलं एकमेकांशी किती बोलली ते कुणी विचारत नाही.

बोट माइकच्या भोकावर आलं की आकडा पडतो. भोक काही टॅबवर चार्जिंगच्या खाचेजवळ असतं. मैदानावर वारा असेल तर उगाच वाढतो. शाळेभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरतात, दिवसाची मर्यादा 50 डेसिबल, हे मुलांना जरूर सांगा. पण खऱ्या मीटरशी जुळवणी केली नसेल तर आपला आकडा त्या मर्यादेशी ताडू नका. फाटक आणि वाचनालय यांतला फरक तेवढा बोला. जागेवर जाण्या-येण्यात वेळ जातो, तेव्हा जोडतासिका मिळाली तर बरं. एखाद्या मुलाला लिहायला अडचण असेल तर त्याचं काम फिरवू नका, घड्याळ त्याच्याकडेच राहू द्या.

आणि उन्हाळ्याच्या सुटीआधी टॅब निम्मे चार्ज करून बंद करा, लोखंडी कपाटात टिनाच्या छताखाली ठेवू नका. नागपूरचा मे बॅटरी खातो. रिकामे ठेवलेत तर जूनअखेर शाळा उघडल्यावर दोन-तीन सुरूच होणार नाहीत.