कळसूबाईवर खांब टिकेना

प्रश्न : बंगळूरचा हॅम (हौशी रेडिओवाला) मित्र येतोय. कळसूबाईवरून (१६४६ मीटर) २० मीटर बँडवर (सुमारे २० मीटर लांबीच्या रेडिओलहरींवर) बोलायचंय. मागच्या खेपेला वाऱ्यात अँटेनाची तार धरणारा, एकात एक सरकणाऱ्या तुकड्यांचा ७ मीटरचा फायबरचा खांब मिटत खाली आला, एसडब्ल्यूआरही (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप) सारखा नाचत होता.

उत्तर : वारा खांबाला पिळतो, मग सांधे सुटतात. प्रत्येक सांध्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. शेंड्याचे दोन तुकडे उघडूच नका. तिथे खांब काडीएवढाच असतो. तीन ताण-दोऱ्या एक तृतीयांश उंचीवर बांधा. अँटेनाची तार उलट्या व्हीसारखी, दोन्हीकडे साधारण ५ मीटर, टोकांना दोरी आणि दगड. तार झुलते म्हणून एसडब्ल्यूआर हलतो. थोडा हलला तर हलू द्या, फार ताणलीत तर खांब वाकेल. खांब म्हणून कार्बनची गळकाठी नको, ती वीजवाहक असते. माइकवर फोम लावा, वाऱ्याकडे पाठ करा. देवळापाशी गर्दी असते, दोऱ्यांना रंगीत चिंध्या बांधा.