जुन्या गाडीच्या ईसीएममधली नुसती चिप बदलता येते का?

दादा, तुम्ही लिहिलंय की अमळनेरची तुमची १९९८ ची पेट्रोल गाडी गरम झाली की बंद पडते, अर्ध्या तासाने पुन्हा चालू होते, आणि गॅरेजवाले म्हणतात ईसीएमची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाची, चिप गेली. नुसती चिप बदलता येते. पण ती खरंच गेलीय का, हे आधी बघा. मी जळगावात ईसीएम दुरुस्तीचंच काम करतो. 'चिप गेली' म्हणून माझ्याकडे येतात त्यातल्या बहुतेक ईसीएममध्ये चिप ठणठणीत असते.

गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू, या लक्षणात पहिला संशय क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं ईसीएमला कळवणारा), इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) आणि मेन रिले (ईसीएमला वीज जोडणारा स्विच) यांच्यावर घ्यायचा. रिलेच्या आतलं सोल्डर तडकलेलं असतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बोनेटखाली ती तड उघडते. मग ईसीएमची अर्थ वायर बघा, कपलरच्या (वायर जोडणाऱ्या प्लगच्या) पिना बघा. थ्रॉटल सेन्सरच्या (अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय हे कळवणाऱ्या) कपलरला ईसीएमकडून ५ व्होल्ट येतात का, ते गाडी बंद पडलेली असतानाच मोजायचं. थंड झाल्यावर मोजून उपयोग नाही. ५ व्होल्ट नसतील तर सेन्सर एकेक करून काढून बघा, एखादा शॉर्ट सेन्सरही ते खाली ओढतो. ईसीएम डॅशबोर्डखाली असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबून पाणी त्यावर गळतं, बोर्डावर हिरवा गंज चढतो. उन्हाळाभर एसी चालणाऱ्या गाड्यांत हे फार दिसतं.

हे सगळं ठीक निघालं तरच झाकण उघडा, तेही बॅटरीची निगेटिव्ह काढून.

त्या काळातल्या बऱ्याच ईसीएममध्ये २८ पायांची ईप्रॉम, म्हणजे मजकूर साठवणारी मेमरी चिप असते, २७सी२५६ किंवा २७सी५१२ नंबरची. काहींत ती सॉकेटमध्ये बसवलेली असते, काहींत थेट सोल्डर केलेली. चिपवर स्टिकर दिसला तर तो ओरबाडून काढू नका. खाली बहुधा काचेची खिडकी असते, आणि आतला मजकूर अतिनील प्रकाशानेच पुसतात. थेट उन्हात आठवडाभर राहिली तरी अशी चिप पुसली जाऊ शकते, आणि आपलं ऊन तुम्हाला मी काय सांगू!

माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की नवीन चिप घेण्याआधी जुनी वाचून ठेवा. कोरी चिप बाजारात मिळते. तुमच्या इंजिनाचं पेट्रोल आणि टायमिंगचं कोष्टक मात्र फक्त जुन्या चिपमध्ये आहे. प्रोग्रामरवर (चिप वाचायच्या-लिहायच्या यंत्रावर) ती दोनदा वाचायला सांगा. दोन्ही फायली तंतोतंत जुळल्या तर चिप बहुधा चांगली आहे आणि दोष पायांच्या गंजात किंवा सॉकेटमध्ये असेल. दर वेळी वेगळी फाइल आली तर चिप बहुधा खरंच जातेय. मग त्याच मॉडेलच्या, त्याच पार्ट नंबरच्या चांगल्या ईसीएमची फाइल शोधावी लागेल. कुणी 'पिकअप वाढवणारी' फाइल देतो म्हणाला तर नको म्हणा.

एक बारकावा गॅरेजवाल्यांना आवर्जून सांगा. २५६ च्या जागी ५१२ टाकायची असेल तर तिच्यात जागा दुप्पट असते, म्हणून ३२ किलोबाइटची फाइल दोन्ही अर्ध्यांत लिहावी लागते. २५६ चा पहिला पाय बोर्डावर सहसा ५ व्होल्टला जोडलेला असतो आणि ५१२ मध्ये तोच पाय वरचा अर्धा भाग निवडतो, म्हणजे ईसीएम फक्त वरचा अर्धाच वाचतो. फक्त खालच्या अर्ध्यात लिहिलं तर गाडी चालू होणार नाही आणि ईसीएमच गेला असं सगळे म्हणतील.

बसवताना चिपची खाच जुन्या खाचेच्याच बाजूला यायला हवी. उलटी बसवून चावी फिरवली की चिप जळते. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून हाताला अर्थचा पट्टा बांधलेला असावा.

चावीला इमोबिलायझर (दुसऱ्या चावीने गाडी चालू होऊ न देणारी चोरीरोधक सोय) असेल तर त्याचा डेटा बहुतेक वेळा शेजारच्या आठ पायांच्या छोट्या चिपमध्ये असतो. पूर्ण ईसीएम बदलायची वेळ आली तर तो डेटाही उचलून नव्या ईसीएममध्ये टाकावा लागतो. म्हणून जुना ईसीएम गॅरेजमध्ये सोडून येऊ नका, मागून घ्या.