आधी पाणी शोध

चि. …,

तुझे सहा फोटो पाहिले आणि रात्री साडेअकराचा व्हॉइस मेसेजही ऐकला. हॉलच्या भिंतीचे पापुद्रे निघतात म्हणून दोनदा पुट्टी, गॅलरीचं सरकतं दार घासतं म्हणून दोनदा त्याचे रोलर, आणि आता तिसऱ्यांदा कुठल्या कंपनीचे रोलर घेऊ म्हणून मला विचारतोस! अरे, हा रोलरचा विषयच नाही. पुट्टीचाही नाही. पाणी कुठून येतंय, ते सांग आधी.

चौथा फोटो मोठा करून बघ. गॅलरीच्या स्लायडिंगचा खालचा ट्रॅक. त्याच्या बाहेरच्या कडेला पाणी जायला दोन-तीन भोकं असतात, ती दिसतायत का? त्यांच्यावर पांढरं सिमेंट आहे. लादीवाल्याने सांधा भरता भरता तिथेही हात फिरवलेला दिसतो. तुझी गॅलरी पश्चिमेची. रत्नागिरीचा पाऊस वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर, आणि वारा असला की तो आडवाच येतो. ट्रॅक भरतो, पाण्याला बाहेर वाट नाही, मग ते फ्रेमच्या कोपऱ्यातल्या सांध्यातून भिंतीत उतरतं. भिंत जांभ्याची. जांभा पाणी कसा पितो हे कोकणातल्या पोराला मी सांगायचं? म्हणून पापुद्रे दाराच्या डाव्या अंगाला, जमिनीपासून हात-दीड हातच. वरची पुट्टी कशी शाबूत आहे बघ. आणि ट्रॅकमधल्या त्याच पाण्यात रेती-सिमेंटचा गाळ बसतो, तो रोलरचं बेअरिंग खातो. दुखणं एकच. तू दोन डॉक्टर करून बसलायस.

उद्या तांब्याभर पाणी ट्रॅकमध्ये ओत. बाहेर धार लागली तर मी चुकलो. तुंबलं तर भोकं तारेने मोकळी कर. नाहीच निघाली तर 6 मिलिमीटरचं ड्रिल घे, पण बाहेरच्या उभ्या कडेतून मार, तळातून नाही. तळाला भोक म्हणजे पाणी थेट भिंतीत सोडणं. तेही करून ठेवणारे महाभाग पाहिलेत मी. ट्रॅकवर पाणसळ (लेव्हलची पट्टी) ठेव, डावीकडे उतार निघणार, लिहून घे. गाळ काढल्यावरही दार घासलं तर पल्ल्याच्या खालच्या कोपऱ्यात स्क्रू असतो, तो फिरवून पल्ला सूतभर उचल. रोलरचं नंतर बघू.

"पण काका, गणपतीच्या आधी हॉल रंगवून हवाय." ऐकलं मी. दरवर्षी ऐकतो. ऐन पावसात भिंती रंगवायच्या आणि दिवाळीला रंगाच्या नावाने बोटं मोडायची.

मीही एकदा गणपतीपुढे मान तुकवली होती. एका काकूंच्या माजघराची भिंत ओली होती, हाताला गार लागायची. मी तिच्यावर प्लायचं पॅनेलिंग ठोकलं, पॉलिश मारलं, पैसे घेतले. पुढच्या वर्षी काकूंनी बोलावलं आणि पॅनेलला टेकवलेलं कपाट उघडलं. आत त्यांचा लग्नातला शालू. घडीच्या कडेने करडी बुरशी, आणि उलगडायला गेल्या तर जरीचे धागे बोटांना चिकटून सुटायला लागले. काही बोलल्या नाहीत. होता तसा घडी घालून आत ठेवला आणि मला चहा विचारला.

खरं सांगायचं तर मी त्यांच्या मुलाला आधीच बोललो होतो, भिंत ओली आहे म्हणून. घाई त्याला होती, मुंबईची माणसं यायची होती. माझे दोन सुतार बसून होते, त्यांची मजुरी कोण देणार होतं? माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. असेल. पण खिळे माझ्या हातचे होते.

तेव्हापासून पाणी कुठून येतं ते सापडल्याशिवाय मी भिंतीला हात लावत नाही. चांगली तीन-चार कामं गेली त्यापायी. हेकट म्हणतात. म्हणोत बापडे. आपले आजोबा मृगाआधी पडवीला माडाची झापं बांधायचे. पाणी कुठून येतं हे त्यांना इंजिनिअर न होता कळत होतं.

पापुद्रे खरवडून काढ. पांढरा खार आला असेल तर कोरड्या ब्रशने झाड, धुऊ नकोस, विरघळून परत आत मुरतो. मग भिंत तशीच उघडी ठेव. हातभर प्लॅस्टिक चारही कडांना टेप लावून तिथे चिकटव, एक दिवस-रात्र राहू दे. भिंतीकडच्या अंगाला दव धरलं तर रंगाऱ्याला परत पाठव. जिप्सम प्लास्टरचं नाव त्या हातभरात काढू नकोस, ओलीने मऊ पडतं. पुट्टीही दोन थर मिळून दीड मिलिमीटर, बस. तुझ्या तिसऱ्या फोटोत ती बोटभर जाड दिसतेय. तो गिलावा झाला!

आईला सांग, मखर समोरच्या भिंतीला लावू. नाहीच ऐकलं तर मागे पडदा सोड, पण भिंतीपासून वीतभर पुढे, वारा खेळला पाहिजे. मी हवं तर बोलतो तिच्याशी.

पाणी ओतशील तेव्हा व्हिडिओ काढ. डावा कोपरा दिसेल असा धर, आणि मागे ते गाणं लावू नकोस.

— काका