लिहिण्याचे उद्दिष्ट किती लहान असावे?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. हिंजवडीची नोकरी सांभाळून पानशेतच्या पुरावर कादंबरी लिहायची, त्यासाठी गुढीपाडव्यापासून रोज हजार शब्दांचा संकल्प सोडला, नवव्या दिवशी तो मोडला, आणि त्यानंतर तीन आठवडे फाईलच उघडली नाही. आता आपल्यात चिकाटीच नाही असे वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. चिकाटीविषयी मी काही बोलणार नाही, कारण आठ दिवस सलग हजार शब्द लिहिणाऱ्या माणसाकडे ती असतेच. चुकले ते माप.

हजार हा आकडा आपल्याकडे बहुधा इंग्रजी लेखनाच्या जगातून आला आहे. तिकडे २००० पासून नोव्हेंबरच्या तीस दिवसांत पन्नास हजार शब्द लिहिण्याचा उपक्रम रूढ झाला. त्याचा दिवसाचा हिशेब सुमारे १,६६७ शब्दांचा होतो, आणि त्या मानाने हजार शब्द आपल्याला माफक वाटू लागतात. पण मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. ‘इन फ्रंट ऑफ द हाउस’ हे पाच शब्द आपण ‘घरासमोर’ या एकाच शब्दात आटोपतो. त्यामुळे मराठीतले हजार शब्द इंग्रजीतल्या हजारांपेक्षा बरेच जड असतात, आणि दिवसभर काम करून रात्री साडेनऊला घरी पोहोचणाऱ्या माणसाने ते रोज उचलावेत ही अपेक्षाच अवाजवी आहे. मी शब्द मोजतच नाही. आखीव फुलस्केप कागदावर माझ्या अक्षरात साधारण दीडशे शब्द बसतात, आणि माझे रोजचे उद्दिष्ट अर्ध्या पानाचे आहे. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, परंतु वर्षातले तीनशे दिवस हाती लागले तरी त्याची दीडशे पाने होतात. (अप्पा बळवंत चौकातून हौसेने आणलेली कापडी बांधणीची महागडी वही मात्र अजून कोरीच आहे. तिच्यात खाडाखोड करायला हात धजत नाही.)

लहान उद्दिष्टाचा उपयोग केवळ मनाच्या समाधानापुरता नाही. अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक या मानसशास्त्रज्ञांचा १९८१ सालचा एक प्रयोग माझ्या कायम लक्षात राहिला आहे. गणितात मागे पडलेल्या आणि त्याची गोडी नसलेल्या मुलांना त्यांनी वजाबाकीचा ४२ पानांचा स्वाध्याय सात बैठकांत सोडवायला दिला. एका गटाला दर बैठकीत सहा पानांचे उद्दिष्ट सुचवले, दुसऱ्याला सातव्या बैठकीअखेर सगळी ४२ पाने पुरी करण्याचे, आणि तिसऱ्या गटाला कोणतेच उद्दिष्ट दिले नाही. सहा पानांचा गट सर्वांत पुढे गेला, आणि त्या मुलांना वजाबाकीची गोडीही लागली. मला अधिक बोलके वाटते ते हे, की दूरचे उद्दिष्ट दिल्याचा दुसऱ्या गटाला काहीच फायदा दिसला नाही. ‘या वर्षी कादंबरी पूर्ण करायची’ हा तुमचा संकल्प त्या दुसऱ्या गटातला आहे.

म्हणून पहिले काम म्हणजे त्या कादंबरीचे तुकडे पाडणे, आणि ते पानांऐवजी प्रसंगांनी पाडावेत असे मी सुचवीन. ‘पानशेतचा पूर’ हे एका रात्रीत लिहिता येण्यासारखे काही नाही. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासलाही गेले, आणि पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरले, एवढे सगळ्यांनाच ठाऊक असते. त्यावर लिहायला बसले की वर्तमानपत्री भाषा आपोआप सुरू होते आणि दहा ओळींत आपण अडतो. त्याऐवजी तुमच्या आजीच्या नारायण पेठेतल्या वाड्यापुरते पाहा. पाणी जोत्याला लागले तो क्षण हा एक तुकडा. माळ्यावर काय चढवले आणि काय खालीच राहिले, हा दुसरा. ओसरल्यानंतर भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ, भिजलेल्या धान्याचा वास, रात्र कोणाकडे काढली, हे आणखी तीन. यांतला कोणताही तुकडा वीस मिनिटांत कच्चा लिहून होतो, आणि ‘झाला’ असे म्हणता येते. तो क्रमाने लिहिण्याची गरज नाही. कादंबरीचे पहिले वाक्य पहिल्या दिवशी सापडले पाहिजे, या हट्टापायी माझी दोन वर्षे फुकट गेली आहेत.

दुसरे असे की उद्दिष्ट चांगल्या दिवसाच्या मापाने ठरवू नये. मी पेठेतच राहतो. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत खिडकीखाली ढोल-ताशे सुरू असताना अर्धे पानही होत नाही, हे कळायला मला तीन उत्सव लागले. आता त्या दहा दिवसांचे माझे उद्दिष्ट एका वाक्याचे असते आणि ते बहुधा पुरे होते. तुमच्या नोकरीत महिनाअखेरीस असे दिवस येत असतील. त्यांचे माप आधीच वेगळे ठरवून ठेवा. एखादा दिवस पूर्ण रिकामा गेला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहून तो भरून काढू नका, कारण तुमचा संकल्प मोडला तो नेमका त्या थकबाकीमुळेच असावा असा माझा अंदाज आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे त्यांना आढळले, आणि एखादा दिवस चुकल्याने त्या प्रक्रियेत विशेष फरक पडत नाही असेही.

संशोधनाबद्दल थोडक्यात सांगतो. ग्रंथालयात बसून १९६१ ची वर्तमानपत्रे चाळणे मोठे सुखाचे असते, आणि म्हणूनच ती पळवाट होते. मी स्वतःला घातलेला नियम असा, की वाचनाच्या दिवशीही उठण्यापूर्वी त्यातून सुचलेल्या पाच ओळी कथेच्या भाषेत लिहायच्या. टिपणे त्यात धरायची नाहीत. पुनर्लेखनाच्या वेळी मात्र पानांचे माप सोडून द्यावे, कारण तेव्हा चांगल्या दिवशी पाने कमी होतात.

बाहेरचा वायदाही उपयोगी पडतो. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यांच्या अनेक कादंबऱ्या त्यात क्रमशः आल्या. वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत असताना लेखकाला पुढच्या हप्त्यापुरताच विचार करावा लागतो. काही अपुऱ्याही राहिल्या, हे खरे. तुमच्याकडे साप्ताहिक नाही, पण आजी आहेत. दर रविवारी त्या आठवड्यातला एक तुकडा त्यांना वाचून दाखवायचा, एवढा वायदा पुरे आहे, आणि चुका काढायला त्यांच्याइतके अधिकारी कोणी मिळणार नाही.

आज रात्री फाईल उघडू नका. आजींना एकच प्रश्न विचारा: पाणी वाढू लागले तेव्हा घरातून सर्वांत आधी काय उचलले? त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, पाच ओळींत, मिळेल त्या कागदावर उतरवून ठेवा.